दार उघडून बाजूला

विद्यापीठ वसतिगृह
८ जानेवारी

प्रिय वहिनी,

बरं बाई, यापुढे फोन नाही. दादाकडून तुझा निरोप आला तेव्हा आधी रागच आला. म्हटलं, आता स्वतःच्या आईशी बोलायलाही बंदी? मग त्याने सगळं सांगितलं. माझा आवाज ऐकून आईने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि मला घरभर शोधलं. कपाटात, पलंगाखाली, बादल्यांच्या मागे. ‘पोरगी आत अडकलीय, काढा तिला’ म्हणत संध्याकाळभर रडली. मेसेज पाठवावा तर फोन वाजतो, आणि फोन वाजला की पुन्हा शोधाशोध. तेव्हा आत अडकलेल्या पोरीने पत्रच लिहावं हे बरं.

शेजारच्या काकू विचारतात ना, तुमची नणंद इतकी वर्षं शिकते तरी काय? त्यांना हे सांग. विसरण्याचा आजार झालेली म्हातारी माणसं वृद्धाश्रमातून बाहेर पडायला बघतात. रस्ता चुकतात, पडतात. कुलूप लावलं तर दार बडवत बसतात. मी म्हटलं, दार दिसलंच नाही तर? म्हणून इथल्या एका आश्रमात मोठ्या हॉलचं दार, चौकट आणि मुठीसकट, भिंतीच्याच रंगात रंगवून घेतलं. पूर्वी सारखी दाराशी जाणारी माणसं आता तिकडे फिरकत नाहीत. आलेखातली रेघ अशी उतरलीय की आमचे सर खूश आहेत.

सर म्हणजे वास्तुकला विभागाचे. त्यांना आम्ही ओळंबा म्हणतो, कारण सरळ नसलेलं काहीही त्यांना सोसत नाही, भिंत असो की माणूस. दुसऱ्या मार्गदर्शक मानसशास्त्राच्या, हंहं मॅडम. तुम्ही काहीही सांगा, ‘हंऽ हंऽ, आणि तेव्हा तुला काय वाटलं?’ ओळंबा म्हणतात, यात मनाचं प्रकरण कशाला घुसडलंस? मॅडम म्हणतात, रंग आणि चौकट आमच्या विभागात कशाला आणलीस? ग्रंथालयाच्या कार्डावरसुद्धा विभाग एकच छापता येतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, तो मी.

मुदतवाढ मिळाली ती शेवटची. जूनअखेर प्रबंध दिला नाही तर नाव कमी, आणि इतकी वर्षं पाण्यात. म्हणून घरी येणं होत नाहीये. समजून घेशील ना?

तुझी,
टिटवी


घर
१७ जानेवारी

प्रिय टिटवी,

पत्र बाथरूममध्ये कडी लावून वाचलं. या घरात मला कडी लावून बसता येईल अशी तेवढी एकच जागा आहे, आणि तिथेही बाहेरून हाका चालू असतात.

दोन घरचा पाहुणा व्हायला मला तर आवडेल बाई. माझं एकच घर आहे आणि त्यातून मी बाहेर पडत नाही. शाळा सोडून तिसरं वर्ष लागलं. भूगोल शिकवायचे मी, आठवतंय? पोरांना पाचही महासागर तोंडपाठ करून घ्यायचे. आता स्वयंपाकघर ते बाल्कनी एवढाच प्रवास, वाटेत आईंच्या खोलीचा थांबा.

दुपार कलली की आईंचं सुरू होतं. तरातरा दाराशी जायचं आणि मूठ फिरवायची. ‘कुठे निघालात?’ म्हटलं तर माझ्याकडे अशा बघतात की जणू मीच पाहुणी. आणि लबाडी तर बघ. दार उघडलं की सरळ बाहेर पडत नाहीत. एक पाऊल मागे घेतात आणि चपलांच्या कपाटाला पाठ लावून, अंग चोरून उभ्या राहतात, मांजरीसारख्या. माझं लक्ष आहे का याचा अंदाज घेत असणार. माझी पाठ फिरली की सुळकन बाहेर.

गेल्या आठवड्यात चौकातल्या औषधाच्या दुकानदाराने त्यांना हाताला धरून आणलं. पायात एकच चप्पल. भर रस्त्यात मधोमध उभ्या होत्या, गाड्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. तो म्हणाला, ‘काकू कुणाला तरी शोधत होत्या बहुतेक.’ तुझा दादा घरी आल्यावर काय म्हणाला असेल? ‘जरा लक्ष ठेवत जा ना.’ जरा!

तुझी ती दाराची जादू घरी करता येईल का? रंग नको. भाड्याच्या घराचं दार रंगवलं तर मालक आम्हालाच रंगवून काढेल. पण दुसरं काही असेल तर सांग. उंटावरून शेळ्या हाकतेस असं मी म्हणणार नाही. हाक, पण हाक.

तुझी,
वहिनी


वृद्धाश्रम
२७ जानेवारी

प्रिय वहिनी,

उपाय आहे, आणि तो तुझ्या शिवणयंत्रातून निघणारा आहे. हुबेहूब भिंतीच्या रंगाचं कापड आण, चमक नसलेलं. छतापासून जमिनीपर्यंत आणि दाराच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्त. चुण्या घालू नकोस, चुणी दिसली की पडदा कळतो. वरखाली पट्टी शिवून ताणून बसव. दाराची मूठ पूर्ण झाकली गेली पाहिजे. चपलांचं कपाट तिथून हलव, कारण कपाट दिसलं की दार आठवतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ये-जा करा, त्या दाराकडे तिचं कधीच लक्ष नसतं. सुरुवातीला आई तिथे घुटमळेल, मग नाद सोडेल. माझ्या आश्रमातल्या सगळ्यांनी सोडला.

वर पत्ता बघून दचकली असशील. इथे भलतंच होऊन बसलंय. आश्रमात साथीचा ताप शिरला आणि फाटक बंद झालं. आतले आत, बाहेरचे बाहेर. मी त्या दिवशी नोंदी घ्यायला आले होते, ती इथेच राहिले. सामानाच्या खोलीत खाट टाकून दिलीय, उशाशी मोडक्या चाकखुर्च्यांची रास. पत्रं फाटकावरचा रखवालदार पेटीत टाकतो. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना बंदी.

ओळंबांना कळवलं तर म्हणाले, ‘उत्तम! म्हणजे बाहेरचा व्यत्यय नाही.’ हंहं मॅडमनी विचारलं, ‘तुला कसं वाटतंय?’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो प्रश्न बरा वाटला. कधी सुटेन कोण जाणे.

तुझी अडकलेली,
टिटवी


घर
९ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

तुला ताप नाही ना? गरम पाणी पी, आणि लोकांच्या तोंडाजवळ जाऊन नोंदी घेऊ नकोस.

कापड लागलं! तुझ्या दादाच्या सुट्टीच्या दिवशी भिंतीचा पोपडा रुमालात बांधून बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, ‘बाई, एवढा रडका रंग मुद्दाम मागून नेणारं पहिलंच गिऱ्हाईक.’ शिवून ताणून बसवलं, आणि दुसऱ्या सकाळी तुझा दादाच ऑफिसला जाताना बॅग घेऊन भिंतीवर आपटला. मी इतकी हसले की पोटात दुखलं.

आईंनी काही दिवस त्या भिंतीवरून हात फिरवला. आता जात नाहीत. शांत बसतात. जेवणखाणही ठीक आहे. तुझी विद्या फळली म्हणायची.

आणि काल मी मागच्या दाराने निघून एकटी चौकापर्यंत चालत गेले. काम काही नव्हतं. नुसती चालले, दुकानांच्या पाट्या वाचल्या आणि परत आले. आई होत्या तिथेच बसलेल्या. मला रडूच आलं गं. इतका मोकळा श्वास मी शेवटचा कधी घेतला होता ते आठवेना.

एक बातमी आहे, पण पक्की झाल्यावर सांगेन. तू सुटलीस की कळव.

तुझी,
वहिनी


वृद्धाश्रम
२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझ्या कापडाची गोष्ट ओळंबांना सांगितली. त्यांनी लगेच ‘घरगुती परिस्थितीतही उपयुक्त’ असं वाक्य घालायला लावलं. म्हणजे तू आता प्रबंधात आहेस, फक्त नावाशिवाय.

पण मला चैन नाही. इथे एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. रंग देण्याआधी माझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त नोंदी त्यांच्या होत्या. भेटीची वेळ झाली की त्या दाराशी जायच्या. आता हॉलच्या मधोमध खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसतात. भेटीची वेळ झाली की केस सारखे करतात. वेळ टळली की चष्मा काढून मांडीवर ठेवतात, आता बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून.

मॅडमनी दिलेला मनःस्थितीचा एक तक्ता मी भरत असते. हेडबाईंचे गुण तळाला गेलेत. इतरांचेही घसरलेत. मॅडम म्हणाल्या, ‘भेटी बंद, साथ चालू, गुण घसरणारच. आणि दार हा आपला विषय नव्हे.’ ओळंबा म्हणाले, ‘तो तक्ता प्रबंधात नकोच. आपला विषय दार आहे. बाहेर पडण्याचे प्रयत्न कमी झाले, बस्स.’ दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि मधल्या मध्ये मी तळ्यात-मळ्यात करतेय. पण वहिनी, मी जुने कागद काढून पाहिले. गुण साथीमुळे घसरले नाहीत. ते त्याआधीच घसरायला लागले होते, रंग नीट वाळलाही नव्हता तेव्हापासून.

काल दुपारी डोकं चढलं म्हणून अंगणात जायला निघाले आणि मला हॉलचं दार सापडेना. मी स्वतः रंगवून घेतलेलं दार! वेड्यासारखी भिंत चाचपत राहिले. मागून हेडबाई अगदी मायेने म्हणाल्या, ‘तिथे काही नाही, बाळ. आम्ही सगळ्यांनी बघितलंय.’

मी तशीच सामानाच्या खोलीत जाऊन बसले. अजून किती दिवस इथे कोंडून ठेवणार आहेत कोण जाणे. आई नीट खाते ना? खरं सांग.

तुझी अडकलेली,
टिटवी


घर
६ मार्च

कुमारी वन्सं यांस,

लग्न होऊन आले तेव्हा मला तुला वन्सं म्हणायला शिकवलं होतं. तू म्हणालीस, तसं म्हणशील तर ओ देणार नाही. आज म्हणते, कारण आज ओ नकोच आहे.

तुझी फार काळजी वाटली म्हणून तुझ्या दादाने आश्रमाच्या ऑफिसात फोन केला. विचारलं, आमच्या बहिणीला घरी कधी सोडणार? तिथले गृहस्थ चकित. म्हणाले, ‘त्यांना कोण अडवतंय? फाटक बंद करायच्या आधीच सांगितलं होतं, बाहेरच्यांनी संध्याकाळपर्यंत निघा. त्याच म्हणाल्या, मी थांबते. आता तर कर्मचारीही ये-जा करतात.’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तू थांबलीस याचा मला राग नाही. तुझं काम आहे, पदवी आहे. तू ‘अडकलेली’ अशी सही केलीस याचा राग आहे. अडकलेली मी आहे. एवढा एकच शब्द माझ्या मालकीचा होता, तोही तू पळवलास.

आता ‘खरं सांग’ म्हणालीस म्हणून माझंही ऐक. आई नीट खात नाहीत. कापड लागल्यापासून घास तोंडात धरून बसतात. दिवसभर त्या भिंतीकडे बघत असतात, तुझ्या हेडबाईंसारख्याच. मला हाकसुद्धा मारत नाहीत, शिव्याही देत नाहीत. दंडाला ब्लाउज सैल झालेत. डॉक्टर म्हणतात, वयच आहे. मी ‘शांत’ असं लिहिलं, कारण मला ते शांत हवं होतं.

का हवं होतं तेही सांगते. बातमी पक्की झाली. दुसऱ्या गावच्या निवासी शाळेत भूगोलाची जागा आहे, एक एप्रिलला रुजू व्हायचंय. तुझा दादा हो म्हणाला. कापड लावल्यापासून आईंना सांभाळणं सोपं झालंय, दुपारी कामाच्या बाई बसतील, असं त्याचं गणित. कापड आहे म्हणून मी जाऊ शकते. समजलं?

वहिनी


वृद्धाश्रम
१४ मार्च

प्रिय वहिनी,

ओ देते. तू नको म्हणालीस तरी.

फाटक बंद होतं हे खरं, पण कडी मीच आतून लावून घेतली होती. नोंदींत खंड पडला असता हे एक. आणि घरी आले आणि आईने मला ओळखलं नाही तर काय करायचं, याची भीती वाटते हे दुसरं. परक्यांचं विसरणं मला मोजता येतं गं. तिचं बघवणार नाही. त्यापेक्षा कुणीतरी मला कोंडलंय असं म्हणणं सोपं वाटलं. तुझा शब्द पळवला, कबूल.

तुझं पत्र वाचून तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणून तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचत बसले. जानेवारीच्या पत्रात एका जागी थांबले. तू लिहिलंयस, आई दार उघडून एक पाऊल मागे घेते आणि कपाटाला पाठ लावून अंग चोरून उभी राहते. मी तेव्हा वाचून हसले होते. आता उठून माझे जुने कागद काढले.

वास्तुकलेची सवय म्हणून मी प्रत्येक नोंदीला दारापुढच्या जमिनीचा छोटा नकाशा काढते आणि त्यावर पावलं दाखवते. दारापुढे जागा किती लागते हे मोजायला. ते नकाशे ओळंबांच्या फाइलीत असतात. कोण कधी दाराशी गेलं, कसं दिसत होतं, ते मॅडमच्या फाइलीत. दोन फाइली दोन इमारतींत. मी त्यांच्या प्रती पहिल्यांदाच खाटेवर शेजारी-शेजारी मांडल्या.

वहिनी, ज्याला बाहेर जायचंय तो दार उघडून पुढे पाऊल टाकतो. माझ्या नकाशांत जवळजवळ सगळी पावलं मागे आणि बाजूला गेलेली आहेत. आणि त्यातली बहुतेक भेटीच्या वेळेची. ती माणसं पळून जात नव्हती. दार उघडून बाजूला होत होती, येणाऱ्याला वाट देत होती! कुणी आलेलं दिसलं नाही की मग बाहेर जाऊन बघायची, आलं का म्हणून. आई चौकात कुणाला शोधत होती, ते त्या दुकानदाराला कळलं. मला नाही कळलं.

माझ्या तक्त्यात रकाना एकच होता, ‘बाहेर पडण्याचा प्रयत्न’. दार बाहेर जाण्यासाठीच असतं असं आम्ही धरून चाललो. कुणी आत येईल म्हणूनही ते उघडतात, याला दोन्ही विभागांत रकाना नव्हता. मी त्यांची पळवाट झाकली नाही. त्यांच्याकडे कुणी येण्याची वाट झाकली. म्हणून त्यांनी नाद सोडला, आणि आम्ही त्याला यश म्हटलं.

कालच विद्यापीठात जाऊन आले. ओळंबांनी नकाशे बघितले आणि त्यांच्या कडा जुळवून सरळ केल्या. मग म्हणाले, ‘हे खरं असेल तर तुझा शेवटचा भाग गेला. आणि हे मी तपासू शकत नाही, हे मनाचं आहे. होतं तसं दिलंस तर जूनमध्ये पदवी, हे घेतलंस तर माहीत नाही.’ हंहं मॅडम पहिल्यांदाच हंहं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आता हा प्रश्न झाला. पण तू आमच्या विभागाची नाहीस.’ विषय बदलण्याचा अर्ज केलाय. ओळंबा म्हणतात आधी तिकडची सही आण, मॅडमचं ऑफिस म्हणतं आधी तिकडची आण.

ते राहू दे. तू आजच ते कापड काढ. काढशील ना?

टिटवी


घर
२० मार्च

टिटवी,

तुझं पत्र वाचून मी हॉलमध्ये गेले आणि आईंच्या शेजारी जमिनीवर बसले. बराच वेळ आम्ही दोघी त्या कापडाकडे बघत बसलो. लबाड म्हणायचे मी त्यांना.

पण कापड मी काढणार नाही.

रागावून सांगत नाहीये. तू शोध लावलास, खरा आहे, मला पटला. आता पुढचं बघ. कापड काढलं की आई दार उघडणार. कुणी दिसलं नाही की रस्त्यावर जाणार. रस्त्यावर गाड्या आहेत. म्हणजे दाराशी चोवीस तास माणूस हवं. कामाच्या बाई दुपारी दोन तास बसतील. तुझ्या दादाची नोकरी तुला माहीत आहे. राहिलं कोण? मी. आणि मी एक तारखेला रुजू होतेय. ही जागा गेली तर माझ्या वयाला दुसरी मिळणार नाही. मला रात्री स्वप्नात नकाशे दिसतात गं.

तुझ्या शोधात माझा रकाना कुठे आहे ते दाखव, मग कापड काढते.

वहिनी


विद्यापीठ वसतिगृह
२५ मार्च

वहिनी,

तुझा रकाना मी आहे. येते. तू निघायच्या आत पोचते.

टिटवी


घर
६ एप्रिल

प्रिय वहिनी,

आधी क्षमा. मी निघायच्या दिवशी ओळंबांनी सहीसाठी बसवून ठेवलं आणि माझी गाडी चुकली. तू स्टेशनवर दादाला टाटा करत होतीस तेव्हा मी आपल्या दारात बॅग घेऊन उभी होते. तुझी शाळा कशी आहे? खोलीला खिडकी आहे का? भिंतीवर जगाचा नकाशा टांगलास की नाही?

त्या दिवशीचं तुला दादाने सांगितलं नसेल. तो सांगण्याच्या अवस्थेत नव्हता.

घरात आई एकटीच होती. अर्ध्या तासापुरतं तिला एकटं ठेवायला तुम्हाला भीती वाटली नाही, कारण दार नव्हतंच ना. मी टकटक केली. आतून तिचा आवाज आला, ‘आले गं, आले.’ इतका लगबगीचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पावलं दारापर्यंत आली. मग भिंतीच्या कडेने पुढे गेली. परत आली. ‘आले, आले. थांब हं, जाऊ नकोस.’ तिचा तळवा कापडावरून फिरतोय हे मला ऐकू येत होतं. अगदी माझ्या हातापाशी, मध्ये फक्त लाकूड. तिला दार सापडत नव्हतं, वहिनी. मी सांगितलेल्या रंगाचं, चमक नसलेलं, चुण्या नसलेलं कापड.

हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझा आवाज ऐकून ती पुन्हा कपाटं शोधायला गेली असती. मागच्या दाराने धावत जावं तर माझी टकटक थांबली असती, आणि तिला वाटलं असतं की जे कुणी आलं होतं ते गेलं. म्हणून मी नुसती दार वाजवत राहिले. थोड्या वेळाने तिने शोधायचं थांबवलं आणि आतून दार वाजवायला लागली. मी बाहेरून, ती आतून. दादा टकटक ऐकून, किल्ली घेऊन पुढचा जिना चढत आला तेव्हा आम्ही दोघी तशाच होतो. तो पायरीवर मटकन बसला.

दार उघडल्यावर मी कापडाला हिसका मारला. तुझी वरची पट्टी फाटली, इतकी सुंदर शिवण होती. पलीकडे आई. केवढीशी झालीय गं. ती एक पाऊल मागे सरली. चपलांचं कपाट तिथे नव्हतं, तरी ते पूर्वी होतं तिथे पाठ लावल्यासारखी बाजूला उभी राहिली आणि मला वाट दिली. म्हणाली, ‘किती उशीर.’

मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही. आत आले आणि तिच्या गळ्यात पडून रडले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘असू दे, असू दे, आलीस ना.’

आता कपाट जागेवर आहे. दुपार कलली की ती दाराशी जाते. त्याआधी मी मागच्या दाराने निघते, इमारतीला वळसा घालून पुढे येते आणि टकटक करते. ती दार उघडते, बाजूला होते, ‘किती उशीर’ म्हणते. मग जेवते. रोज नाही, पण जेवते. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत असतात. त्यांनी दादाला विचारलं म्हणे, तुमच्या बहिणीचं शिकून शिकून डोकं फिरलं का? कधीकधी मी समोर असूनही आई माझ्यामागे डोकावते आणि रस्त्यावर जाते. मग मी तिच्या मागोमाग चालते. तेव्हा कुणाची वाट बघते ते मला ठाऊक नाही.

प्रबंधाचं भिजत घोंगडं तसंच आहे. मॅडमची सही झाली, ओळंबांची झाली, आता समिती म्हणते असा विषय कुठल्या विभागाच्या शिक्क्याने तपासायचा ते ठरलेलं नाही. होतं तसं जूनमध्ये देऊन मोकळी झाले असते. पण आश्रमाच्या व्यवस्थापकांना हॉलचं दार खरवडा म्हणून लिहिलं, तर उत्तर आलं की तुमच्याच अहवालामुळे आम्ही आणखी दोन दारं रंगवून घेतली, विद्यापीठाचं नवं पत्र आल्याशिवाय रंग काढता येणार नाही. म्हणजे हेडबाईंचं दार माझ्या प्रबंधात अडकलंय. तो पुरा करण्यावाचून सुटका नाही, पदवी देवोत न देवोत. जेवणाच्या टेबलावर नवा तक्ता आखलाय. रकान्याचं नाव, ‘दार उघडून बाजूला’.

हे बाथरूममध्ये कडी लावून लिहितेय. बाहेरून हाका चालू आहेत. तुझा शब्द सध्या मी वापरतेय, या वेळी खरा. तुला परत हवा असेल तर मात्र मिळणार नाही. तू तिकडे महासागर शिकव.

भेटीची वेळ झाली. मागच्या दाराने निघते.

तुझी,
टिटवी